शिष्यवृत्ती, छात्रवृत्ती आणि खिडकीमागचा एकटा बाबू

बालाघाटात जिला ‘छात्रवृत्ति’ म्हणतात, तिलाच रजेगावचा पूल ओलांडून गोंदिया जिल्ह्यात पाऊल टाकताच ‘शिष्यवृत्ती’ म्हणू लागतात. त्या पुलाखालच्या नदीचेही तसेच आहे. अलीकडची बाघ पलीकडे वाघ होते. नदीच्या नावाने कोणाचे काही अडत नाही. शिष्यवृत्तीच्या बाबतीत मात्र शब्द नीट तपासून घ्यावेत असे आम्हांस वाटते, कारण या सीमावर्ती जिल्ह्यातील महाविद्यालयांत जो घोळ दरवर्षी चालतो त्याचे मूळ या शब्दांचा अर्थ विसरण्यात आहे.

‘शिष्य’ हा शास् धातूपासून आला. ज्याला शिकवायचे, वळण लावायचे तो शिष्य. ‘छात्र’ शब्दाची कथा अधिक रंजक आहे. पाणिनीने तो ‘छत्र’ या शब्दापासून साधला आणि पतंजलीने भाष्यात त्याचा उलगडा केला: गुरू हेच छत्र, गुरूने शिष्याला छत्रासारखे झाकावे आणि शिष्याने गुरूला छत्रासारखे जपावे. पुढे काही वैयाकरणांनी ‘गुरूचे दोष झाकतो तो छात्र’ असाही अर्थ केला, आणि आमच्या कित्येक महाविद्यालयांना हा दुसरा अर्थ फारच सोयीचा वाटला असावा. परंतु भाष्यकाराच्या मते छत्र धरण्याचे पहिले काम गुरूचे आहे, कार्यालयातील खिडकीचे नव्हे.

आता ‘वृत्ती’. आज मराठीत वृत्ती म्हणजे स्वभाव, मनाचा कल. जुन्या मराठी कागदपत्रांत तिचा अर्थ होता हक्काचे उत्पन्न. जोशीपणाची वृत्ती, उपाध्येपणाची वृत्ती यांवरून पिढ्यान्‌पिढ्या तंटे चालत, गोतसभा बसत, निवाडे होत. त्या निवाड्याच्या महजरावर एकट्या कारकुनाची सही चालत नसे. पाटील नांगराचे चिन्ह काढी, इतर बलुतेदार आपापल्या धंद्याचे चिन्ह काढीत. वृत्ती खरी कोणाची याची जबाबदारी सारा गाव आपल्या अंगावर घेई. वृत्तीवर हक्क सांगायचा असतो. तिच्यासाठी कोणी हात पसरीत नाही. ज्याने ‘शिष्यवृत्ती’ हा शब्द घडवला त्याच्या कानांत हा जुना अर्थ असलाच पाहिजे.

या दोन शब्दांच्या कसोटीवर आमच्या महाविद्यालयांची व्यवस्था लावून पाहा. जून-जुलैत प्रवेश होतात. पुढे काही महिन्यांनी फलकावर एक सूचना लागते की अमुक तारखेच्या आत अर्ज भरावेत, अन्यथा जबाबदारी विद्यार्थ्याची राहील. सूचनेच्या या शेवटच्या वाक्यातच सारा कारभार उघडा पडतो. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांसाठी एक पोर्टल, इतर मागासवर्गीयांसाठी दुसरे, खेड्यातून पहिल्या वर्गात बारावी उत्तीर्ण झालेल्या मुलींच्या ‘गाँव की बेटी’साठी आणखी एक अर्ज, गुणवंतांच्या ‘मेधावी’साठी वेगळाच. प्रत्येकाचे दाखले वेगळे, तारखा वेगळ्या, आणि समग्र आयडी सर्वत्र हवाच. हे सारे सांभाळायला महाविद्यालयात एक ‘छात्रवृत्ति प्रभारी’ असतो आणि त्याच्या हाताखाली, असलाच तर, एक लिपिक. उरलेले महाविद्यालय या गोष्टीकडे शेजारच्या घरातील भांडणाकडे पाहावे तसे पाहते. पूर्वी ही महाविद्यालये जबलपूरच्या राणी दुर्गावती विद्यापीठाशी संलग्न होती, आता छिंदवाड्याच्या राजा शंकर शाह विद्यापीठाकडे आली. पाटी बदलली, खिडकी होती तीच राहिली.

बैहरच्या डोंगरातील बैगा मुलगा, लांजीकडची शेतमजुराची मुलगी, वारासिवनीच्या विणकराचा मुलगा त्या खिडकीपाशी येतात. बाबू म्हणतो, पोर्टल चालत नाही. प्राध्यापक म्हणतात, हा कार्यालयाचा विषय आहे. प्राचार्य म्हणतात, विभागाकडून रक्कम आलेली नाही. तिघेही कदाचित खरेच बोलत असतील. पण तीन खरी उत्तरे मिळूनही मुलाला एकही उत्तर मिळत नाही, आणि भाडे खर्चून आलेला तो मुलगा संध्याकाळच्या बसने परत जातो. केंद्राच्या योजनेप्रमाणे साध्या पदवीच्या वर्गात शिकणाऱ्या, घरून ये-जा करणाऱ्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला वर्षाचा शैक्षणिक भत्ता ३००० रुपये आहे. ‘गाँव की बेटी’त महिना ५०० प्रमाणे दहा महिन्यांचे ५००० मिळतात. शहरातील वाचकाला या रकमा किरकोळ वाटतील. बालाघाटला चार खेपा घालणाऱ्याला त्यातून भाडे वजा करून पाहावे लागते, आणि पाचव्या खेपेला तो वजाबाकी सोडून देतो.

येथे भाषा आडवी येते. आमची मुले हिंदी माध्यमात शिकली, पोर्टलवरचे शब्द त्यांना कळतात, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु दाखले मिळवायचे असतात आईबापांनी, आणि घरातील बोली पोवारी, मरारी, कुणब्यांची मराठी अशी असते. (जनगणनेने पोवारीला हिंदीच्या रकान्यात बसवले आहे, हा वेगळ्या लेखाचा विषय.) असंघटित मजुरांच्या मुलांसाठी २०१८ पासून असलेल्या योजनेच्या नावात ‘शिक्षा प्रोत्साहन’ हे शब्द आहेत. गोंदियाकडून सून होऊन आलेल्या माउलीला मुलाच्या शिक्षेला प्रोत्साहन देणारे सरकार कसले, असा प्रश्न पडला तर तिला हसू नये. तिच्या भाषेत शिक्षा म्हणजे दंड. अर्जावर ‘आपत्ति’ आली म्हणजे हिंदीत केवळ हरकत निघाली. मराठीत आपत्ती म्हणजे संकट. येथे आम्हांला मराठी अर्थच खरा वाटतो, कारण हरकत काय हे समजावून सांगणारे कोणी नसले की ती संकटच होते. ‘बाबूजी व्यस्त हैं’ यातील व्यस्त म्हणजे कामात गुंतलेले. आम्ही मात्र शाळेत ‘व्यस्त प्रमाण’ शिकलो, आणि खिडकीपुढील रांग व आतील कामाचा वेग यांचे प्रमाण तसेच असते. मूल निवासी म्हणजे अधिवास, आय प्रमाण पत्र म्हणजे उत्पन्नाचा दाखला, अंकसूची म्हणजे गुणपत्रिका, सत्यापन म्हणजे पडताळणी. एवढे कागदावर लिहून खिडकीशेजारी चिकटवायला किती वेळ लागतो?

याहून जिव्हाळ्याची बाब नावांची. मराठी आडनाव हिंदी दप्तरात शिरले की त्यातील ‘ळ’ गळतो, ‘ण’चा ‘न’ होतो. काळे काले होतात, हरिणखेडे हरिनखेड़े होतात, टेंभरे टेम्भरे होतात. त्यांवर रोमन लिपीचा मुलामा चढला की राहांगडाले या एका आडनावाची तीन-चार रूपे एकाच घरात नांदू लागतात. समाजाचेही तसेच, पोवार, पवार, पंवार ही तीन लेखने एकाच कुटुंबातील तीन पिढ्यांच्या कागदांवर सापडतात. माणसांना याचे काहीच वाटत नाही. संगणकाला मात्र आधारवरील नाव, गुणपत्रिकेवरील नाव आणि बँकेतील नाव अक्षरशः एक हवे असते. एका ‘ळ’पायी अर्ज परत येतो. महाविद्यालयात हिंदीचे प्राध्यापक आहेत, कोठे संस्कृतचे आहेत. ही ध्वनिपरिवर्तने ते फळ्यावर शिकवतात, परीक्षेत विचारतात. तेच परिवर्तन त्यांच्याच विद्यार्थ्याच्या अर्जात उभे राहिले की तो ‘कार्यालयाचा विषय’ होतो! ज्यांनी भाषाशास्त्र शिकवले त्यांनी प्रवेशाच्या आठवड्यात पहिल्या वर्षाच्या मुलांचे तीन कागद शेजारी शेजारी ठेवून नावे तपासली, तर कित्येक अर्ज परत येण्याआधीच वाचतील.

आमचा मुद्दा एवढाच की विद्यार्थ्याच्या आर्थिक साहाय्याचे काम एका माणसाला पुरे करताच येत नाही. त्या कामाचे स्वरूपच तसे नाही. लिपिकाला कागद ठाऊक असतो. आधारशी शेवटचे जे खाते जोडले गेले त्यातच पैसे जाणार, मग अर्जात कोणतेही खाते लिहा, हे त्याला ठाऊक असते. बहुतेक प्राध्यापकांना नसते. उत्पन्नाचा दाखला कोणत्या नमुन्यातील चालतो, जातीचा दाखला कोणत्या अधिकाऱ्याच्या सहीचा लागतो, हे ज्ञान त्याने वर्षानुवर्षे खिडकीत बसून कमावलेले आहे, आणि त्याला आम्ही पांडित्यच म्हणतो. उलट, प्राध्यापकाला मुलगा ठाऊक असतो. धानकापणीच्या दिवसांत कोण वर्गातून नाहीसा होतो, कोणाच्या बापाने आजारपणात शेत गहाण टाकले, कोणती मुलगी पुस्तकाविना बसते, हे हजेरी घेणाऱ्याला दिसते, खिडकीतून दिसत नाही. आणि प्राचार्यांपाशी अधिकार असतो. परत आलेल्या अर्जासाठी जिल्ह्याच्या विभागीय कार्यालयात फोन त्यांनी केला तरच तो उचलला जातो. एका वाक्याचे कर्ता, कर्म आणि क्रियापद तीन खोल्यांत कोंडून ठेवावे आणि वाक्य का होत नाही म्हणून विद्यार्थ्याला दोष द्यावा, तसे हे चालले आहे.

‘साहाय्य’ हा शब्दही हेच सांगतो. सह म्हणजे बरोबर, अय म्हणजे जाणे. जो बरोबर चालतो तो सहाय. बोट दाखवून ‘त्या खिडकीवर जा’ म्हणणाऱ्याला या शब्दात जागा नाही.

आम्हांला ठाऊक आहे की यावर प्राध्यापकवर्ग रागावेल. शिकवणे हेच आमचे काम, अर्ज भरणे नव्हे, असे ते म्हणतील. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत शिक्षकांची आचारसंहिता दिलेली आहे. प्रवेश-अर्जांच्या छाननीत साहाय्य करणे, विद्यार्थ्यांना सल्ला व मार्गदर्शन देणे ही महाविद्यालयाची शैक्षणिक जबाबदारी आहे आणि तीत शिक्षकाने सहकार्य करावे, असे तेथे लिहिले आहे. वेतनश्रेणीचे कलम पाठ असलेल्यांनी त्याच विनियमांतील हे कलमही एकदा वाचावे. दुसरी गोष्ट, नॅकची समिती येणार असली की सारे महाविद्यालय रात्रीचा दिवस करते. तिच्या पाचव्या निकषात शासकीय शिष्यवृत्तीचा लाभ किती टक्के विद्यार्थ्यांना मिळाला हे विचारलेले असते. तेव्हा तो आकडा साऱ्या महाविद्यालयाच्या कर्तबगारीचा म्हणून मिरवला जातो. श्रेयात सारे भागीदार आणि कष्टात एकटा बाबू, ही वाटणी कोणत्या न्यायाची?

एक आक्षेप मात्र आम्ही आदराने ऐकतो. मध्य प्रदेशातील शासकीय महाविद्यालयांत अध्यापनाचा मोठा भार ‘अतिथि विद्वान’ वाहतात. नाव किती गोड! पाहुणा म्हटले की मान हवा, आणि विद्वान म्हटले की दुप्पट हवा. प्रत्यक्षात त्यांना उद्याची शाश्वती नाही. ज्याची स्वतःचीच वृत्ती अस्थिर, त्याच्यावर दुसऱ्याच्या वृत्तीचे ओझे टाकणे बरे नव्हे. म्हणूनच आमची मागणी कायम सेवेतील प्राध्यापकांकडे आणि प्राचार्यांकडे प्रथम आहे. परंतु अतिथींचे कारण पुढे करून यजमानांनी अंग चोरावे हे चालणार नाही.

आणखी एक गोष्ट उघड बोलली जात नाही, ती भीतीची. २०२३ साली अल्पसंख्याक शिष्यवृत्तीतील देशव्यापी गैरव्यवहार बाहेर आला. तपासलेल्या १५७२ संस्थांपैकी ८३० बनावट किंवा बंद निघाल्या, पाच वर्षांतील नुकसान सुमारे १४४ कोटींचे ठरले आणि प्रकरण सीबीआयकडे गेले. त्यानंतर राष्ट्रीय पोर्टलवर पडताळणी करणाऱ्या अधिकाऱ्याला आणि संस्थाप्रमुखाला बोटांचे ठसे देऊन ओळख पटवावी लागू लागली. हे योग्यच झाले. पण त्याचा परिणाम खिडकीवर काय होतो? अंगठा माझा, चौकशी माझी, मग शंका आली की अर्ज परत करणेच सुरक्षित. चुकीचा अर्ज मंजूर केल्यास बाबूची नोकरी जाते. खरा अर्ज अडवल्यास कोणाचे काहीच जात नाही, जाते ते मुलाचे वर्ष. ज्या संस्थेत एकाच माणसाच्या हातात सारी पडताळणी असते तेथे लाच चालते, किंवा भीती चालते; दोन्हींत गरीब मुलगाच मरतो. महजरावर साऱ्या गोताची चिन्हे का घेत असत याचे उत्तर येथे आहे. वर्गशिक्षकाने ‘हा विद्यार्थी माझ्या वर्गात बसतो’ असे लिहून सही केली, लिपिकाने कागद तपासला आणि प्राचार्यांनी अंगठा दिला, तर बनावट नावेही घुसणार नाहीत आणि खऱ्यांना अडवण्याची गरजही पडणार नाही.

मराठी माणसाला याचा दाखला शोधायला दूर जावे लागत नाही. याच मध्य प्रदेशातील महू येथे जन्मलेल्या भीमराव आंबेडकरांचे शिक्षण मॅट्रिकनंतर पैशांअभावी अडले असते. कृष्णाजी अर्जुन केळुसकर मुंबईच्या विल्सन हायस्कुलात शिक्षक होते. भीमराव शिकत होते एल्फिन्स्टन हायस्कुलात. म्हणजे तो मुलगा त्यांच्या वर्गाचा नव्हताच, त्यांच्या शाळेचाही नव्हता. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणारा मुलगा एवढीच ओळख. १९०७ मध्ये तो मॅट्रिक झाल्यावर गुरुजींनी त्याला स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले, आणि पुढे बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे त्याच्यासाठी शब्द टाकला. दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली आणि एल्फिन्स्टन कॉलेजातील शिक्षण सुरू राहिले. कॉलेजात प्रा. म्यूलर त्याला पुस्तके देत, कपडे देत. सयाजीरावांचे औदार्य सर्वांना ठाऊक आहे; पण मधला माणूस नसता तर तो पैसा त्या मुलापर्यंत पोचला नसता. केळुसकर गुरुजींना कोणी प्रभारी नेमले नव्हते. आज देणारे सयाजीराव राहिले नाहीत, सरकार आहे, कायदा आहे, अंदाजपत्रकात तरतूद आहे. तुटवडा आहे तो मधल्या माणसाचा.

हे सारे राज्याच्या आतले झाले. सीमा ओलांडली की जबाबदारी आणखी पातळ होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी जुन्या मध्य प्रदेशातील आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट मागे राहिला. रोटीबेटीचा व्यवहार, बाजार, दवाखाना आणि कॉलेज मात्र त्या रेषेने अडले नाही. आमची मुले आजही गोंदियात, नागपुरात शिकायला जातात. महाराष्ट्राच्या महाडीबीटीवर त्यांना अर्ज करता येत नाही, कारण अधिवास मध्य प्रदेशाचा. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या केंद्रीय योजनेप्रमाणे परराज्यात शिकणाऱ्याला त्याच्या मूळ राज्याने पैसे द्यायचे असतात. म्हणजे हक्क आहे. पण मूळ राज्याच्या पोर्टलवर पडताळणी करायची ती गोंदियातील महाविद्यालयाने, आणि तेथील खिडकी म्हणते, हे आमचे पोर्टल नव्हे. बालाघाटचे कार्यालय म्हणते, हे आमचे महाविद्यालय नव्हे. तिरोड्या-आमगावची मुलगी बालाघाटात शिकत असेल तर हेच उत्तर उलट्या दिशेने मिळते.

बेळगाव-कारवारच्या वादग्रस्त ८६५ गावांतील मराठी मुलांसाठी महाराष्ट्राने आपल्या अभियांत्रिकी प्रवेशनियमांत वेगळा प्रकार ठेवला आहे, आणि तो योग्यच आहे. बालाघाटसाठी न्यायालयात दावा नाही, म्हणून तसा प्रकारही नाही. आम्ही आज तो मागत नाही. आम्ही गोंदिया आणि नागपूरच्या महाविद्यालयांतील मराठी प्राध्यापकांना विचारतो: ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा तुम्ही सभागृहे भरवलीत, भाषणे केलीत, सीमेपलीकडील मराठी बांधवांचा उल्लेख गहिवरून केलात. त्या बांधवाचा मुलगा तुमच्याच वर्गात तिसऱ्या बाकावर बसला आहे. त्याचा अर्ज मध्य प्रदेशाच्या पोर्टलवर तुमच्या महाविद्यालयाच्या पडताळणीपाशी थांबला आहे. कार्यालयात जाऊन ‘हे पोर्टल उघडा, मी शेजारी बसतो’ एवढे म्हणायला कोणत्या दर्जाची वाट पाहायची?

अलीकडील महाविद्यालयांकडे आमचे मागणे असे. प्रवेशाच्या दिवसांतच, फलकावर सूचना लागण्याची वाट न पाहता, एका टेबलाशी एक प्राध्यापक आणि एक लिपिक एकत्र बसावेत. नावे आणि दाखले तेथेच तपासले जावेत. प्रत्येक वर्गाला एक पालक-प्राध्यापक असावा आणि परत आलेल्या अर्जांची यादी महिन्यातून एकदा शिक्षकांच्या बैठकीत नावानिशी वाचली जावी; आपल्या वर्गातील कोणाचा अर्ज का परत आला, हे त्याने तेथे सांगावे. लिपिकाला या दिवसांत दुसरी कामे देऊ नयेत. फलकावरील ‘अन्यथा जबाबदारी विद्यार्थ्याची राहील’ हे वाक्य पुसावे आणि त्या जागी पडताळणी करणाऱ्या तिघांची नावे व बसण्याची वेळ लिहावी. यासाठी शासनाच्या नव्या आदेशाची गरज नाही, प्राचार्यांच्या एका सहीचे हे काम आहे.

खिडकीशेजारी लावण्याचा हिंदी-मराठी शब्दांचा तक्ता आम्ही तयार करीत आहोत. त्यात हिंदी बाजू आम्ही भरली आहे. महाडीबीटीवरील शब्द, अर्ज परत येण्याची तेथे छापून येणारी कारणे आणि त्यांचे सोपे अर्थ गोंदिया, भंडारा, नागपूर येथील वाचकांनी पाठवावेत. आडनावांच्या दोन्हीकडील लेखनाची यादीही सोबत जोडायची आहे. आपापल्या गावातील आडनावे ‘ळ’ आणि ‘ण’सह कळवावीत. पुढील प्रवेश सुरू होण्यापूर्वी तो तक्ता छापून बालाघाट, वारासिवनी, कटंगी, लांजी आणि बैहर येथील महाविद्यालयांत आम्ही स्वतः नेऊन देऊ, आणि कोणी तो भिंतीवर लावला व कोणी कपाटात ठेवला, हे पाहायला पुन्हा जाऊ.